शेवटी ‘ए’ की ‘आय’?

इंग्रजी स्पेलिंगला नियमच नाहीत, ते घोकूनच येतं, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. देवनागरीत बहुतेक शब्द ऐकले तसे लिहिता येतात. इंग्रजीत आघात नसलेल्या अक्षरातला स्वर दबतो, त्यामुळे ‘वॉशेबल’मधला ए आणि ‘टेरिबल’मधला आय इंग्रजांच्या कानालाही सारखेच लागतात. अशा वेळी कान सोडून शब्दाचं मूळ पाहावं लागतं.

दुसरा गैरसमज अर्धा खरा आहे: प्रत्यय काढून अख्खा शब्द उरला तर एबीएलई, नाहीतर आयबीएलई. ‘रीडेबल’, ‘हॉरिबल’ इथे हे जमतं. पण ‘कॅपेबल’मध्ये अर्थाशी जुळणारा अख्खा शब्द उरत नाही, तरी ए, ‘फ्लेक्सिबल’मध्ये उरतो, तरी आय. हे प्रत्यय लॅटिनमधले, आणि तिथे स्वर क्रियापदाच्या गटावरून ठरे. आज नवा शब्द जवळजवळ नेहमी ए लावूनच घडतो, जसा ‘डाउनलोडेबल’. शंका आली तर नात्यातला शब्द आठवावा. ‘अ‍ॅप्लिकेशन’मध्ये टीआयओएनच्या आधी ए आहे, म्हणून ‘अ‍ॅप्लिकेबल’लाही ए. ‘व्हिजन’, ‘परमिशन’मध्ये तो नाही, म्हणून ‘व्हिजिबल’, ‘परमिसिबल’ला आय. अपवाद आहेतच: ‘प्रेडिक्शन’ असून ‘प्रेडिक्टेबल’. मला त्याहून सोपी वाटते ती ‘बिलिटी’ची खूण. आपण ‘पॉसिबिलिटी’, ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ म्हणतो, पण ‘कॅपेबिलिटी’. आपल्या उच्चारात हा स्वर बहुतेकदा स्वच्छ ऐकू येतो, त्याचा फायदा जरूर घ्यावा.

‘ऑर्गनाइझ’मध्ये झेड घातला की ते अमेरिकन, असंही ठामपणे सांगितलं जातं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी मात्र झेडच वापरते, कारण हा प्रत्यय मुळात ग्रीक आणि तिथे तो झेडचाच. ब्रिटनमध्ये एस जास्त दिसतो, तोही शुद्ध. पण ‘सुपरवाइज’, ‘रिव्हाइज’ अमेरिकेतसुद्धा एसनेच लिहितात. त्यांत हा ग्रीक प्रत्यय नाहीच. ‘व्हिजन’मधलाच लॅटिन धातू आहे.

‘सीड’ने संपणाऱ्या शब्दांचं कोडं त्यामानाने लवकर सुटतं. दोन ई फक्त ‘एक्सीड’, ‘प्रोसीड’ आणि ‘सक्सीड’ या तिघांत. ‘कन्सीड’, ‘प्रिसीड’ वगैरे सीईडीई. ‘सुपरसीड’ एकटाच एसईडीई, कारण त्याचा धातू ‘बसणे’ या अर्थाचा आहे आणि इतरांचा ‘जाणे’ या अर्थाचा. ‘प्रोसीड’वरून झालेल्या ‘प्रोसीजर’मध्ये मात्र सीनंतरचा एक ई गळतो.