परिचयाच्या चार ओळी

आमच्या लहानपणी घरात एकच रेडिओ होता आणि त्याचा काटा बहुतेक वेळा १३०५ किलोहर्ट्झवर असायचा. आकाशवाणीचे परभणी केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले. मी त्याच्यापेक्षा थोडा लहान. निवेदक आधी केंद्राचे नाव सांगायचे, मग वेळ, मग पुढे काय ऐकायला मिळणार ते. नव्याने रेडिओ लावणारासुद्धा गोंधळत नसे. ही साधी गोष्ट मी स्वतःच्या बाबतीत मात्र विसरलो होतो. त्याचीच हकिगत आज सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी मुलीने माझ्या कवितांची वेबसाइट तयार करून दिली. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर माझे खाते आधीपासून होतेच. मला वाटले, तिथली मंडळी आपोआप इकडे वळतील. महिनाभराने मोजणी पाहिली तर भेटी अकरा. त्यांतल्या बऱ्याच माझ्याच. कविता जागेवर आहेत ना, हे मी अधूनमधून पाहून येत होतो.

मुलीने माझे फेसबुकचे पान उघडले. फोटोच्या जागी गुलाबाचे फूल. नाव फक्त रोमन लिपीत. परिचयात 'शब्दांच्या वाटेवरचा मुसाफिर'. वेबसाइटचा पत्ता कुठेच नाही. ती म्हणाली, "अब्बा, इसमें तुम किधर हैं?"

कुणी म्हणेल, फेसबुकवर कविता टाकता येतात, मग वेबसाइटचा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांनीच दिले आहे. ऑर्कुट २००४ मध्ये आले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस २०१९ मध्ये सामान्य वापरासाठी मिटले. टिकटॉकवर २०२० मध्ये आपल्या देशात बंदी आली आणि तिथे जमलेला प्रेक्षक एका रात्रीत पांगला. ही माध्यमे म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर भरणारा बाजार. माणसे तिथेच भेटतात, म्हणून तिथे जायलाच हवे; पण धान्य साठवायचे ते आपल्या घरात. वेबसाइट हे घर आणि प्रोफाइल म्हणजे बाजारात लावलेली घराची पाटी. माझ्या पाटीवर गुलाब होता, पत्ता नव्हता.

आम्ही एकेक गोष्ट दुरुस्त करत गेलो. सुरुवात फोटोपासून. आता बहुतेक ठिकाणी हा फोटो गोल आणि अगदी लहान दिसतो. त्यात फूल, डोंगर किंवा सत्काराचा समूहफोटो कामाचा नाही. चेहरा जवळून घेतलेला, उजेडातला हवा आणि सगळ्या माध्यमांवर तोच हवा, म्हणजे एकीकडे पाहिलेला माणूस दुसरीकडे ओळखू येतो.

दुसरी गोष्ट नावाची, आणि माझी खरी अडचण तिथेच होती. माझ्या आडनावाचे रोमन स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचे. शेख हे नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात, हे शेखांनाच विचारावे. देवनागरीत शोधणाऱ्याला मी सहज सापडण्यासारखा नव्हतो. फेसबुकवर मूळ नावासोबत दुसरे नाव जोडता येते. इन्स्टाग्रामवर खात्याचे नाव वेगळे आणि दिसणारे नाव वेगळे, आणि शोधताना दोन्ही उपयोगी पडतात. म्हणून एक नाव रोमन लिपीत आणि एक देवनागरीत ठेवले, आणि स्पेलिंग सगळीकडे एकच केले.

पण त्याआधी एक वेगळाच सल्ला मिळाला होता. एका कविसंमेलनानंतर एक हितचिंतक म्हणाले, "नुसती आद्याक्षरे लिहा. तुमचे नाव वाचले की लोकांना वाटते उर्दूतले आहे, आणि ते पुढे जातात." सल्ल्यामागे वाईट हेतू नव्हता आणि निरीक्षणही खोटे नव्हते. "उर्दूत लिहिता का?" हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. घरात आम्ही दखनी बोलतो, हे खरे. पण माझी शाळा मराठी, बी. ए. मराठीत आणि कविताही मराठीत.

मी आठवडाभर विचार केला. आपल्या गंगाखेडची जनाबाई अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफते आणि आपण नामदेवांच्या घरची दासी आहोत हेही सांगते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, तो शेख महंमद म्हणूनच. सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा नाव आणि भाषा यांत एक निवडायची गरज नाही, हेच तर आमच्या पिढीला उमगले होते. वाचकाचा गैरसमज होत असेल, तर नाव लपवून तो जाणार नाही. नावाशेजारी दोन शब्द वाढवले तर जाईल. मी पूर्ण नाव ठेवले आणि पुढे लिहिले, 'मराठी कवी, परभणी'.

तिसरी गोष्ट परिचयाची. इथे जागा फार थोडी. इन्स्टाग्रामवर १५० चिन्हांची, एक्सवर १६० चिन्हांची. मराठीत आणखी एक मेख आहे. 'कविता' हा शब्द आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा. पण युनिकोडच्या हिशेबात वेलांटी आणि काना वेगळे धरून पाच चिन्हे होतात. म्हणून मुसाफिर, वाट, निसर्गप्रेमी यांना रजा द्यावी. अनोळखी माणसाला तीनच गोष्टी हव्या असतात : हा कोण, याच्याकडे काय मिळेल, आणि ते कुठे मिळेल.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचे नाव व्हॉट्सअॅप आणि यूट्यूबमुळे महाराष्ट्रभर गेले. त्यांचे अंदाज शास्त्राच्या कसोटीवर किती उतरतात, हा हवामानशास्त्रज्ञांचा विषय आहे. पण डख म्हटले की पावसाचा अंदाज, हे शेतकऱ्याला विचारावे लागत नाही. तुमच्या नावाबरोबर असे एक काम जोडले गेले पाहिजे. मी लिहिले, 'मराठवाड्याच्या माणसांच्या कविता. सगळ्या कविता येथे वाचा', आणि खाली पत्ता.

चौथी गोष्ट हा पत्ता, म्हणजे लिंक. इन्स्टाग्रामवर साध्या खात्यात फोटोखालच्या मजकुरात लिहिलेली लिंक बोट लावून सहसा उघडत नाही. ती परिचयातल्या ठरलेल्या रकान्यातच द्यावी लागते. तिथे आता पाचपर्यंत लिंक देता येतात, पण वाचकाला पाच दारे दाखवली तर तो उंबऱ्यावरच थांबतो. एकच द्यावी आणि ती थेट कवितांच्या पानावर उघडावी. फेसबुकवर वेबसाइटची ओळख करून देणारी एक पोस्ट सगळ्यात वर टाचून ठेवता येते, तीही ठेवावी.

मग कुलपाचा प्रश्न. फेसबुकने २०२० मध्ये आपल्याकडे प्रोफाइलला कुलूप लावायची सोय दिली. ती चांगली आहे, विशेषतः लेकीसुनांसाठी. पण कुलूपबंद प्रोफाइलवर नव्या वाचकाला फारसे काहीच दिसत नाही. म्हणून घरच्यांसाठीचे खाते कुलपात ठेवावे आणि लेखनासाठी किंवा धंद्यासाठी वेगळे, उघडे पान काढावे. त्यावर घरचा फोन नंबर आणि नातवंडांचे फोटो नकोत.

एवढे करून वाचक घरात आला आणि त्याला काही वाचताच आले नाही तर? माझ्या जुन्या कविता छापखान्यात श्रीलिपीत टाइप केलेल्या होत्या. तशाच उचलून चिकटवल्या तर पडद्यावर अक्षरांचा चिवडा दिसला. त्या युनिकोडमध्ये नव्याने टाइप कराव्या लागल्या. कवितेचा नुसता फोटो टाकण्याची सवयही मोडली, कारण फोटोतल्या ओळी शोधणाऱ्याला सहजी सापडत नाहीत. आणि पैसे देऊन फॉलोअर वाढवून देणाऱ्यांचे निरोप येतात, त्यांच्या नादी लागू नये. तो आकडा प्रोफाइलवर शोभतो, पण कविता वाचायला येत नाही.

आता वेबसाइटवर येणारे कुठून येतात, हे मोजणीत दिसते. माझ्या नव्या पाटीवरून माणसे येऊ लागली. गर्दी नाही, पण त्या भेटी आता माझ्या नाहीत. मागच्या उन्हाळ्यात जिंतूर तालुक्यातल्या एका मुलाचा निरोप आला. कॉलेजात शिकतो. त्याने लिहिले होते, "चाचा, आमच्या घरीपण दखनी बोलतात. मी मराठीत लिहितो, पण कुणाला दाखवत नाही. तुमच्या नावापुढे 'मराठी कवी' वाचले म्हणून लिंक उघडली."

आद्याक्षरे लिहिली असती, तर तो आला नसता.

आज रात्री एवढेच करून पाहा. शेजाऱ्याच्या फोनवर आपले प्रोफाइल उघडा आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाला ते दाखवा. हा माणूस कोण, काय करतो आणि कुठे भेटेल, हे त्याला सांगता आले तर पाटी बरोबर आहे. नाही सांगता आले, तर आधी तो गुलाब काढा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)