गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यावं का?

२०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर आणला. तेव्हापासून इथे वडोदऱ्यात आमच्या सोसायटीच्या बाकावर एकच विषय असतो: लोन हलवायचं का? आमच्या घरीही तोच.

मांजलपूरचा आमचा फ्लॅट २०१७ सालचा, कर्ज वीस वर्षांचं. २० लाख मुद्दल आणि १२ वर्षं बाकी, व्याज ९.२५ टक्के, हप्ता २३,०४३ रुपये. रेपो एवढा उतरला, मग आमचं व्याज का नाही? ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुधा रेपोशीच, जोडलेली असतात आणि निदान दर तीन महिन्यांनी त्यांचा दर बदलतो. आमचं त्याआधीचं, एमसीएलआरवरचं. ते आपल्या चालीने, सावकाश उतरतं. नव्या गिऱ्हाइकाला स्वस्त आणि जुन्याला महाग, असा हा न्याय!

तेवढ्यात एका बँकेचा माणूस घरी आला. "बेन, सव्वाआठने देतो, हप्ता सहा हजारांनी कमी." हे एकदम खूश. मी मुदत विचारली, तर पुन्हा वीस वर्षं.

कागद-पेन्सिल घेऊन बसले. वीस वर्षांच्या मुदतीत हप्ता १७,०४१ होतो हे खरं, पण एकूण भरायचे जवळजवळ ४१ लाख. आहे तसंच चालू ठेवलं तर ३३ लाख १८ हजार. म्हणजे दर एका टक्क्याने कमी आणि भरणा पावणेआठ लाखांनी जास्त! शिवाय हे बारा वर्षांनी निवृत्त होणार. "अहो, पुढची आठ वर्षं हप्ता पेन्शनीतून भरायचा का?" असं विचारल्यावर मात्र हे गप्प झाले.

मुदत बाराच वर्षं ठेवली तर हप्ता फक्त १,११९ रुपयांनी उतरतो. मला तिसरा मार्ग आवडला. दर सव्वाआठ, हप्ता मात्र जुनाच. आपल्याला २३ हजारांची सवय झालेलीच आहे. मग कर्ज साडेअकरा महिने आधी संपतं आणि सुमारे २ लाख ६४ हजार वाचतात.

आता खर्च. फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेऊ शकत नाही, हा नियम २०१२ पासून आहे. पण नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, मूल्यांकन, गहाणखताचं मुद्रांक शुल्क (हे दर राज्यात वेगळं) असे आमचे २६ हजार होत होते. म्हणून आधी आपल्याच बँकेत अर्ज दिला: रेपोवर न्या, नाहीतर आम्ही चाललो. दोन आठवडे कोणी दाद दिली नाही. दुसऱ्या बँकेचं ऑफर लेटर टेबलावर ठेवल्यावर ८.३५ टक्के मिळाले, फी जीएसटीसकट ५,९०० रुपये.

८.३५ आणि ८.२५ यांत आमच्यापुरता फरक एका हप्त्याचा, साधारण २३ हजार, आणि तोही अकरा वर्षांनी हाती येणारा. त्यासाठी आजच वीस हजार जास्त घालवून पुन्हा सगळे दस्तऐवज काढत बसायचं? आम्ही जुन्याच बँकेत राहिलो. तुमची बाकी ४०-५० लाख असेल, किंवा बँक दर उतरवायलाच तयार नसेल, तर हिशेब उलटा पडू शकतो. तेव्हा खुशाल हलवा. शेवटची दोन-तीन वर्षंच उरली असतील तर मात्र या भानगडीत पडू नका, कारण व्याजाचा मोठा भाग तुम्ही आधीच भरलेला असतो.

"व्याजावर करसवलत मिळते, मग घाई कसली?" असं आमचे शेजारी म्हणतात. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर ती सवलत नाही, आणि शेजारी नव्या प्रणालीतच आहेत.

एक मात्र करा. दर बदलून घेताना 'हप्ता तोच, मुदत कमी' हे अर्जात स्वच्छ लिहा आणि नंतर नवं वेळापत्रक मागून शेवटच्या हप्त्याचा महिना बघा. आमच्या पहिल्या कागदावर हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली होती. दुसऱ्यांदा जावं लागलं.