वायफाय दिसतंय, पण नेट चालत नाही

हिंजवडीचं आयटी पार्क आणि ताम्हिणी घाट एकाच तालुक्यात, मुळशीत, आहेत हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटकन पटत नाही. पौड ओलांडून मुळशी धरणाच्या कडेनं पश्चिमेला निघालं की डोंगराआड रेंज येते आणि जाते. अशा भागात एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘वायफाय दिसतंय, पण नेट चालत नाही.’

तक्रार खरीच असते. वायफायच्या चिन्हावरच्या रेघा राउटरपर्यंतच्या लहरींचा जोर दाखवतात. राउटरच्या पुढे फायबर तुटली असली तरी त्या रेघा भरलेल्याच राहतात. बिघाड नेमका कुठे आहे, हे कळायला संगणकाला लेखी प्रश्न विचारावा लागतो. लिनक्सवर त्यासाठी ‘एनएमसीएलआय’ ही आज्ञा आहे. रेड हॅटनं २००४ साली सुरू केलेल्या नेटवर्कमॅनेजर प्रकल्पाचा ती भाग आहे. ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी’ असं टाइप केलं की पाचांपैकी एक उत्तर मिळतं: पूर्ण, मर्यादित, लॉगिन बाकी, काहीच नाही किंवा अज्ञात. यासाठी संगणक एका ठरलेल्या सर्व्हरकडून छोटंसं पान मागवतो आणि अपेक्षित तेच आलं का, हे पाहतो. ‘मर्यादित’ म्हणजे राउटर भेटला, जग भेटलं नाही.

मग ‘पिंग’, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणं. अमेरिकेत माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्राम आजही रोज वापरात आहे. आधी राउटरला पिंग करायचं, मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, शेवटी संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर लाइन शाबूत आहे; दोष बहुधा नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये. एवढं सांगता आलं तरी लाइनमनची एक फुकट खेप वाचते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती अग्रक्रमाची सोय. ग्रामपंचायतीच्या संगणकाला फायबरच्या राउटरची वायर आणि मोबाइलचा डोंगल दोन्ही जोडले आहेत, असं समजा. नेटवर्कमॅनेजर वायरला १००, वायफायला ६०० आणि मोबाइलला ७०० असे आकडे देतो. ज्याचा आकडा लहान, त्या वाटेनं माहिती जाते. पुढे फायबर तुटली तरी वायर राउटरला जोडलेलीच असते, म्हणून संगणक त्याच बंद वाटेवर अडून बसू शकतो. वर सांगितलेली पान मागवण्याची तपासणी चालू असेल, तर नापास वाटेच्या आकड्यात २०,००० मिळवले जातात आणि डोंगल आपोआप पुढे येतो. ती बंद असेल, तर एका ओळीत आपणच आकडा बदलायचा आणि ते कनेक्शन पुन्हा चालू करायचं.

या आज्ञा निव्वळ मजकूर असतात, म्हणून दूर बसून दुसऱ्या संगणकात लॉगिन करून दिल्या, तर रडतखडत चालणाऱ्या रेंजवरही तिकडे पोचतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हाची स्वस्त ‘शेल’ खाती अशीच होती: फोनची लाइन आणि पडद्यावर फक्त अक्षरं. हिंजवडीत बसून पौडमधला संगणक दुरुस्त करणं आजही याच बळावर जमतं.

फक्त एक जपावं लागतं. ज्या कनेक्शनवरून आपण आत शिरलो, तेच बंद केलं तर पुढची आज्ञा द्यायला वाटच उरत नाही. म्हणून ‘बंद कर, तीस सेकंद थांब, पुन्हा चालू कर’ हे एकाच ओळीत लिहायचं, आणि आपला संपर्क तुटला तरी तिकडे ती ओळ पूर्ण होईल अशा रीतीनं सोडायची.