रक्स शर्की, श्वास आणि अवधान : बेली डान्स व ध्यानसाधना यांच्या संयोगाचा एक विचार

प्रास्ताविक

इ. स. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने पौर्वात्य जगातील दोन गोष्टी अमेरिकन जनतेसमोर आल्या. ११ सप्टेंबर रोजी सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले. त्याच वर्षी प्रदर्शनाच्या करमणूक विभागात, 'कैरोचा रस्ता' या देखाव्यात, अरबी नृत्य तिकीट लावून दाखवले जात होते. पहिल्या घटनेतून योग व ध्यान यांविषयी आदरयुक्त कुतूहल निर्माण झाले, तर दुसरीतून मुख्यतः चवीने केलेली चर्चा. पुढे शतकभराने हे दोन्ही प्रवाह अमेरिकेतल्याच नृत्यवर्गांत एकत्र आले. या संयोगात तथ्य किती आणि आरोपित भाग किती, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नाव आणि नृत्य

'बेली डान्स' हे नाव फ्रेंचमधील 'पोटाचे नृत्य' या अर्थाच्या शब्दाचे भाषांतर होय. इजिप्तमध्ये या नृत्याला 'रक्स शर्की', म्हणजे 'पूर्वेकडील नृत्य', असे म्हणतात. घरगुती व लोकवस्तीतील रूपास 'बलदी' ही संज्ञा आहे. आज परिचित असलेले रंगमंचीय रूप बऱ्याच अंशी कैरोत घडले. १९२० च्या दशकात बदिया मसाब्नी यांनी तेथे रंजनगृह सुरू केले. तहिया कारिओका व सामिया गमाल या नर्तकी तेथूनच पुढे आल्या. म्हणजे हे रूप आधुनिक आहे. ते एखाद्या प्राचीन देवीमंदिरातून जसेच्या तसे आले, असे जे वारंवार सांगितले जाते त्याला पुरावा नाही.

शरीर आणि श्वास

या नृत्याचा गाभा म्हणजे अवयवांच्या हालचाली एकमेकींपासून सुट्या करणे. छाती स्थिर ठेवून कंबर आठच्या आकड्यात फिरते; कंबर थरथरत असता हात संथ राहतात. पोटावरून लाट नेताना उदराचे सरळ स्नायू वरून खाली अथवा खालून वर क्रमाने आकुंचित होतात. नवशिक्या व्यक्ती येथे हमखास श्वास रोखून धरते. श्वास रोखला की खांदे उचलले जातात, जबडा आवळतो आणि लाट तुटते. अनुभवी नर्तकी मात्र श्वास चालू ठेवूनच पोट हलवते. श्वासपटल आणि पोटाचे स्नायू यांचे हे स्वातंत्र्य केवळ बळाने येत नाही. आत काय घडते आहे ते जाणवावे लागते.

मराठी वाचकास येथे नौलीची आठवण होणे स्वाभाविक आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून उड्डियान व नौली यांचा क्ष-किरणांच्या व दाबमापनाच्या साहाय्याने अभ्यास केला आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात ऋण दाब निर्माण होतो असे दाखवले. परंतु बाह्य साम्यावरून दोन्ही क्रिया एकच मानणे चूक ठरेल. नौली श्वास पूर्ण बाहेर सोडून व रोखून करतात. नृत्यातील लाट चालत्या श्वासावर उमटते. म्हणून नृत्यवर्गात नौली शिकवण्याचे प्रयोजन दिसत नाही. उच्च रक्तदाब, हर्निया अथवा गर्भावस्था असल्यास तर ती निषिद्धच आहे.

अवधान कोठे आहे?

ध्यानाची सांगड घालणारे अनेक शिक्षक स्वाधिष्ठान चक्र 'जागृत' करण्याची भाषा वापरतात. हठयोगाची परंपरा आणि कैरोचे हे नृत्य यांचा असा ऐतिहासिक संबंध सिद्ध झालेला नाही. उसन्या शब्दांची, प्रस्तुत लेखकाच्या मते, गरजही नाही. अवधानाची साधना या नृत्याच्या संगीतातच आहे. 'तक्सीम' म्हणजे ऊद, नाय किंवा कानून या वाद्यावरील उत्स्फूर्त एकल वादन. आपल्याकडील आलापाप्रमाणे ते बहुधा तालबंधनाविना चालते. अशा वेळी नर्तकी जवळजवळ एका जागी उभी राहते आणि स्वराच्या वळणाला देहाने उत्तर देते. पुढचा स्वर कोणता येईल हे तिला ठाऊक नसते. आधी ठरवून ठेवलेली हालचाल येथे निरुपयोगी ठरते. ऐकणे क्षणभर सुटले की ते देहावर तत्काळ दिसते. गायक-वादक व श्रोते यांना मिळून येणाऱ्या भावतन्मयतेस अरबीत 'तरब' असा शब्द आहे.

काही वर्गांत इजिप्त-सुदानमधील 'झार' विधीतील मस्तक घुमवणेही ध्यान म्हणून शिकवले जाते. झार हा अंगात आलेल्या शक्तीला शांत करण्याचा विधी आहे. तेथे व्यक्ती स्वतःचा ताबा सोडते. अवधानाच्या साधनेत पाहणारा जागा राहतो. या दोन अवस्था एका नावाखाली मिसळणे शास्त्रदृष्ट्या सैल आहे, आणि मानेला इजा होण्याची शक्यता वेगळीच.

लाभ आणि दावे

१९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या सजगता-आधारित ताणनिवारण कार्यक्रमात बैठकीच्या ध्यानासोबत सौम्य योगासनेही आहेत. हालचाल ही ध्यानाचे आलंबन होऊ शकते, हे त्यामुळे वैद्यकीय क्षेत्रात परिचित झाले. खास बेली डान्सविषयी मारिका टिगेमन व सहकाऱ्यांचा २०१४ मधील ऑस्ट्रेलियन अभ्यास महत्त्वाचा आहे. हे नृत्य करणाऱ्या स्त्रियांमध्ये, ते न करणाऱ्या विद्यार्थिनींच्या तुलनेत, स्वतःच्या देहाविषयी अधिक सकारात्मक दृष्टी आढळली आणि स्वतःकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची सवय कमी दिसली. तथापि ही एकाच वेळी केलेली तुलना आहे. नृत्यामुळे दृष्टी बदलली, की तशी दृष्टी असलेल्या स्त्रियाच नृत्याकडे वळल्या, हे त्यावरून ठरत नाही. नैराश्य किंवा पाठदुखी यांवरील उपचार म्हणून या वर्गांची जाहिरात करणे म्हणूनच उतावळेपणाचे वाटते.

आणखी एक बाब सहसा अनुल्लेखित राहते. १८३४ मध्ये महंमद अली याच्या राजवटीत सार्वजनिक नर्तकींना कैरोतून हद्दपार करण्यात आले होते, आणि इजिप्तमध्ये या व्यवसायाला चिकटलेला कलंक अद्याप पुसलेला नाही. तीच हालचाल परदेशातील वर्गात 'साधना' म्हणून प्रतिष्ठित होते, तेव्हा ती घडवणाऱ्या स्त्रियांचे नावही घेतले जात नाही. वर्गाच्या प्रारंभी डोळे मिटून पाच-दहा मिनिटे एक तक्सीम ऐकवावी, वाद्य व वादक कोण ते सांगावे, मग सामिया गमाल यांचे एखादे चित्रपटातील नृत्य दाखवून त्यांचा श्वास कोठे जातो ते विद्यार्थिनींना शोधू द्यावे. चटईवर बसण्याची वेळ त्यानंतर येते.