तारांची फीत

तंजावूर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ तिरुभुवनम नावाचे गाव आहे. तेथील रेशमी लुगडी दक्षिणेत नावाजलेली आहेत. लुगडे मागावर चढते तेव्हा विणण्याच्या कितीतरी आधी एक काम संपलेले असते. ते म्हणजे ताणा लावणे. शेकडो धागे एकमेकांना समांतर आणि सारख्या अंतराने मांडले जातात. कोणता धागा कोणत्या जागी हे एकदा ठरले की ठरले. हे अंतर राखते ती फणी. फणीचे एक घर चुकले तर ती चूक पहिल्या वितीपासून पदरापर्यंत धावत जाते, आणि मागाहून कितीही कौशल्य खर्च केले तरी ती झाकत नाही.

धाग्याच्या जागी तांब्याची तार कल्पिली आणि रेशमाच्या जागी प्लॅस्टिकचे आवरण, तर याच मांडणीतून एक अगदी निराळी वस्तू उभी राहते. इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या धंद्यात तिला फ्लॅट रिबन केबल म्हणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील दुकानांत नुसते ‘एफआरसी’ म्हटले तरी पुरते. करड्या रंगाची, बोटभर ते तळहाताएवढी रुंद, चापट अशी ही फीत असते. तिच्या एका कडेला तांबडी रेघ ओढलेली असते. यंत्राच्या पेटीत एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर संदेश नेण्याचे काम ती करते. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पाहण्याची वेळ येते ती यंत्र बंद पडल्यावर.

माग आणि ही फीत यांचे नाते केवळ उपमेचे नाही. तंजावरचे सरफोजी राजे गादीवर असताना, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख कोरून झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे 1804 मध्ये, फ्रान्समध्ये जाकार्ड याने आपला प्रसिद्ध माग सिद्ध केला. पुठ्ठ्याच्या पानांना भोके पाडायची आणि त्या भोकांनी कोणता धागा उचलायचा हे ठरवायचे, ही त्यातील युक्ती. भोकांत माहिती साठवण्याचा तोच विचार पुढे हॉलेरिथ याने मोजदादीसाठी वापरला आणि अमेरिकेची 1890 ची शिरगणती छिद्रांकित पत्रांवर पार पडली. विसाव्या शतकाच्या मध्यास ही पत्रे वाचणारी यंत्रे संगणकांना जोडली गेली. तेव्हा जाड, ताठर, गोल केबलांचा इतका पसारा झाला की पेट्यांची दारे लागेनात. त्यावर तोड म्हणून 1956 मध्ये कॅलिफोर्नियातील सिकॉइल या कंपनीने सिलिकोन रबरात समान जाडीच्या अनेक तारा एका ओळीत बसवून चापट केबल तयार केली. फितीसारखी दिसते म्हणून तिला फीत हे नाव पडले. मागाने पुठ्ठा दिला, पुठ्ठ्याने यंत्र दिले, आणि यंत्राला शेवटी पुन्हा ताण्याचीच आठवण झाली.

आज सर्रास मिळणाऱ्या फितीत लगतच्या दोन तारांच्या मध्यांतील अंतर 1.27 मिलिमीटर, म्हणजे इंचाचा विसावा भाग असते. सव्वीस तारांची फीत त्यामुळे सुमारे 33 मिलिमीटर रुंद भरते. प्रत्येक तार एकसंध नसते. 0.127 मिलिमीटर जाडीच्या सात बारीक तारा पिळून ती केलेली असते, आणि म्हणूनच फीत वाकते पण तुटत नाही. टोकाला बसणाऱ्या जोडाला, म्हणजे कनेक्टरला, पिनांच्या दोन ओळी असतात आणि ओळीतल्या दोन पिनांमधील अंतर 2.54 मिलिमीटर असते, तारांच्या अंतराच्या बरोबर दुप्पट. त्यामुळे पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम तारा एका ओळीत जातात आणि सम तारा दुसरीत. फणीचे घर आणि ताण्याचा धागा यांचा मेळ विणकर जसा बसवतो, तसाच हा मेळ आहे.

या वस्तूतील खरी बुद्धी मात्र जोडात आहे. साधी तार जोडायची तर आवरण सोलावे लागते, तांबे उघडे करावे लागते, कथील लावून डाग द्यावा लागतो. सव्वीस तारांना दोन टोके, म्हणजे बावन्न डाग. त्यातला एक कच्चा राहिला तरी सगळे व्यर्थ. फितीच्या जोडात हे काहीच करीत नाहीत. जोडाच्या पोटात प्रत्येक तारेसाठी बेचकीच्या आकाराचा धातूचा छोटा काटा असतो. फीत त्यावर ठेवून दाबयंत्राने एकदाच दाबली की सगळे काटे आवरण चिरून आत शिरतात आणि बेचकीच्या दोन बाहू तांब्याला दोन्ही बाजूंनी आवळतात. ती पकड इतकी घट्ट असते की धातू व धातू यांच्यामध्ये हवेलासुद्धा वाव उरत नाही. हवा नाही म्हणून गंज नाही. कावेरीच्या खोऱ्यात जेथे वर्षातले कित्येक महिने हवा ओली असते, तेथे या गोष्टीचे मोल विशेष आहे. उघड्या तांब्याला दिलेला कच्चा डाग अशा हवेत हळूहळू काळवंडतो. नीट दाबलेला जोड वर्षानुवर्षे टिकतो.

नीट दाबलेला, हे शब्द महत्त्वाचे. फीत काटकोनात कापलेली नसेल, जोड केसभर तिरपा बसला असेल, तर काटा एका तारेच्या मध्यावर न शिरता दोन तारांच्या सीमेवर शिरतो. मग कधी सातापैकी चार बारीक तारा कापल्या जातात, कधी शेजारच्या तारेला चाटून जातो. पहिला दोष अधिक वाईट, कारण तो लगेच दिसत नाही. यंत्र कारखान्यातून निघताना चालू असते. ट्रकमध्ये तीनशे मैल हादरे खाल्ल्यावर ते कधी चालते, कधी चालत नाही. असल्या लहरी दोषाइतका दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ खाणारे दुसरे काही नाही. एकदा दाबलेला जोड उकलून पुन्हा दाबणे हीही एक काटकसर आहे, आणि ती अंगाशी येते. बेचकीने आपला घास एकदा घेतला की तिची पकड पहिल्यासारखी राहत नाही.

बाजारात तयार फिती मिळत असताना त्या मुद्दाम मागवून बनवून का घ्याव्या, असा प्रश्न सहज उद्भवतो. याचे उत्तर तंजावरसारख्या गावातल्या रस्त्यावरच मिळते. दुकानांच्या दारांवर तांबडी अक्षरे धावणाऱ्या पाट्या आता सर्वत्र दिसतात. त्यांत बहुधा 32 सेंटीमीटर रुंद आणि 16 सेंटीमीटर उंच असे तुकडे ओळीने जुळवलेले असतात. प्रत्येक तुकड्यात आडवे बत्तीस आणि उभे सोळा दिवे. एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे अक्षरांचा संदेश सोपवला जातो तो सोळा तारांच्या वीतभर फितीतून. आता पाटी एका ओळीची असली तर वीतभर फीत पुरते. दोन ओळींची झाली की एका ओळीच्या शेवटापासून दुसरीच्या आरंभापर्यंत लांब फीत लागते. दुकानदार तयार फीत आणतो, ती अपुरी पडते, मग दोन फिती मध्येच जोडल्या जातात, आणि दुसऱ्या ओळीतील तमिळ अक्षरे थरथरू लागतात. दोष दिव्यांचा नसतो, पाटीचाही नसतो.

अक्षरे थरथरण्याचे कारण ताणा आणि फीत यांतील भेदात आहे. रेशमाचे धागे शेजारी शेजारी असले तरी मुके असतात. तारांचे तसे नाही. एका तारेतील विद्युत्दाब झपाट्याने बदलला की त्याचे पडसाद शेजारच्या तारेत उमटतात. बदल जितका वेगवान आणि सोबत जितकी लांब, तितकी ही कुजबूज वाढते. शेजाऱ्याच्या कुजबुजीला यंत्र आपल्याला दिलेली आज्ञा समजते, आणि घोटाळा होतो.

हा घोटाळा संगणकाच्या इतिहासात एकदा फार मजेदार रीतीने मिटवला गेला. माहिती साठवणाऱ्या तबकडीला जोडणारी फीत चाळीस तारांची होती आणि त्यांपैकी सातच तारा शून्य दाबाच्या, म्हणजे भूमीच्या होत्या. वेग सेकंदाला 33 मेगाबाइटपर्यंत होता तोवर भागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो दुपटीने, 66 वर नेण्याची वेळ आली तेव्हा कुजबूज असह्य झाली. तेव्हा तज्ज्ञांनी जोड चाळीस पिनांचाच ठेवला आणि फितीत ऐंशी तारा घातल्या. वाढलेल्या चाळीस तारा कोणताही संदेश नेत नसत. दोन बोलक्या तारांच्या मध्ये एकेक मुकी तार बसली, एवढेच. रुंदी वाढू नये म्हणून तारा बारीक करून अंतर निम्म्यावर आणले. लांबीची मर्यादा मात्र 46 सेंटीमीटरच राहिली. त्याआधी फ्लॉपी तबकड्यांच्या चौतीस तारांच्या फितीत दहाव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या सात तारांना मध्येच पीळ दिलेला असे. दोन्ही तबकडीयंत्रे अगदी सारखी बनवायची आणि कोणते पहिले, कोणते दुसरे हे पिळाने ठरवायचे, अशी ती योजना होती. अनेक भाबड्या माणसांनी हा पीळ दोष समजून फीत बदलून मागितली आहे!

म्हणून फीत मागवणे म्हणजे दोरी मागवणे नव्हे. तारा किती, लांबी किती आणि ती जोडाच्या कडेपासून मोजायची की मध्यापासून, जोड फितीच्या कोणत्या अंगाला आणि खाचेचे तोंड कोणीकडे, घडी कोठे पडणार, ओढ सोसण्यासाठी जोडावर पट्टी हवी की नको, हे सारे कागदावर आखून द्यावे लागते. तांबडी रेघ ही पहिल्या तारेची खूण. जोडावर कोरलेला त्रिकोण ही पहिल्या पिनेची खूण. दोन्ही एका बाजूस आल्या नाहीत तर पहिली तार सव्विसाव्या पिनेवर जाते आणि जेथे संदेश जायचा तेथे वीजपुरवठा पोहोचतो. असल्या एका चुकीने पाच रुपयांच्या कामापायी हजारांची पाटी जळते. काही फितींत प्रत्येक तारेला वेगळा रंग असतो. तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, करडा, पांढरा, काळा असा तो क्रम असून दर दहा तारांनी तो पुन्हा सुरू होतो. जेथे तारा सुट्या करून निरनिराळ्या ठिकाणी न्यायच्या असतात तेथे हीच फीत बरी.

हा क्रम तरुण हातांना कळतो तो बहुधा महाविद्यालयात. तंजावरजवळील शास्त्र विद्यापीठासारख्या संस्था असोत की पुण्या-सांगलीची अभियांत्रिकी महाविद्यालये, सूक्ष्मप्रक्रियकाच्या शिक्षणपेटीवर सव्वीस पिनांचा जोड हमखास असतो. सव्वीस का? तर पेटीतील 8255 या घटकाची आठ-आठ तारांची तीन दारे मिळून चोवीस, आणि वीजपुरवठा व भूमी यांच्या दोन. आकडे पाठ होतात. पण फीत उलटी खोचून एखादी पेटी गप्प केल्याशिवाय तांबड्या रेघेचा अर्थ पुरता मनात भरत नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

तयार झालेल्या प्रत्येक फितीची परीक्षा व्हावी लागते. परीक्षकयंत्राला तिची दोन्ही टोके लावतात. एकेका तारेतून वीज सोडून ती दुसऱ्या टोकाच्या योग्य पिनेवर पोहोचते की नाही, आणि भलत्या कोणत्याही पिनेवर पोहोचत नाही ना, हे पाहतात. जाणता कारागीर एवढ्यावर थांबत नाही. परीक्षा चालू असतानाच तो जोडाशी फीत हलवून पाहतो. लहरी दोष तेवढ्यात उघडा पडतो. भोसरी किंवा सातपूर यांसारख्या औद्योगिक वसाहतींत वजनकाटे, मोजमापाची यंत्रे किंवा रुग्णालयांची उपकरणे बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराला हजार फिती लागतात, लाख लागत नाहीत. मोठ्या पुरवठादाराच्या दृष्टीने ही मागणी किरकोळ असते. कारखानदाराच्या दृष्टीने मात्र रुग्णाच्या हृदयाचे ठोके दाखवणारा पडदा मध्यरात्री विझू नये, एवढे त्या हजारांत अडकलेले असते.

संगणकाच्या पेटीतून ही फीत आता जवळजवळ गेली. 2003 पासून आलेल्या नव्या जोडणीत सात वाहक पुरू लागले, कारण तारा वाढवण्याऐवजी प्रत्येक तारेचा वेगच फार वाढवण्यात आला. छपाईयंत्रे आणि कॅमेरे यांत तिची धाकटी बहीण आली. ती कागदाइतकी पातळ असते आणि तिच्या वाहकांमधील अंतर कित्येकदा अर्ध्या मिलिमीटरवर येते. पण कारखान्यांतील नियंत्रणपेट्या, पाट्या, जुनी रुग्णोपकरणे यांत करडी फीत अजून आहे. अशा उपकरणाचे आयुष्य वीस-वीस वर्षे असते. त्याचा मूळ निर्माता पुष्कळदा धंदा सोडून गेलेला असतो, आणि तिचा नेमका माप-जोड कोणत्याही सूचिपत्रात सापडत नाही. तेव्हा गावातल्या एखाद्या छोट्या कार्यशाळेत जुनी फीत नमुना म्हणून जाते. कारागीर तिच्या तारा मोजतो, घड्या पाहतो, त्रिकोण कोठे आहे ते टिपून घेतो, आणि मागणी एकाच फितीची असली तरी दोन करून देतो. दुसरी उपकरणाच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवायची असते.