उपचार संपल्यानंतरची अनोळखी लक्षणे

अंबरपेठेत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांची कल्पना करा. घशाच्या कर्करोगावर त्यांना किरणोपचार झाले आणि त्याच्या जोडीला सिस्प्लॅटिन हे औषध शिरेतून देण्यात आले. आषाढात, महांकाळीच्या बोनालूचे ढोल वाजत असताना, हे उपचार संपले. गाठ नाहीशी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले, घरच्यांनी पेढे वाटले. पुढे दिवाळीच्या सुमारास एके सकाळी चपला घालण्यासाठी त्यांनी मान खाली घातली मात्र, मानेपासून पाठीच्या कण्यातून थेट पायांपर्यंत वीज सळसळत गेल्यासारखे झाले. मान वर करताच सारे शांत. पुन्हा वाकले, पुन्हा तेच. रोग परतला, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली आणि ही गोष्ट घरात कोणापाशीही काढली नाही.

वास्तविक या लक्षणाला नाव आहे. ज्यां लेर्मीत या फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञाने १९२४ साली एका निराळ्या व्याधीच्या संदर्भात त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला लेर्मीतचे लक्षण म्हणतात. मानेवर किरण पडतात तेव्हा मज्जारज्जूतील तंतूंभोवतीचे स्निग्ध आवरण घडविणाऱ्या पेशींना काही काळ इजा पोहोचते. जुने आवरण झिजते, नवे वेळेवर तयार होत नाही. मग मान वाकवून तंतू ताणले गेले की उघड्या पडलेल्या तारेप्रमाणे ते ठिणगी टाकतात. हे उपचार चालू असताना घडत नाही, संपल्यावर काही महिन्यांनी घडते. बहुधा पुढील काही महिन्यांत आवरण पुन्हा तयार होते आणि लक्षण आपोआप मावळते.

कार्यानंतर इतक्या उशिरा परिणाम दिसावा, हेच मनुष्याला गोंधळात टाकते. सिस्प्लॅटिनचेही असेच आहे. ज्या प्लॅटिनमचे दागिने घडवितात, तोच धातू या औषधाच्या मुळाशी आहे आणि तो संवेदनावाहक मज्जापेशींत घर करून राहतो. त्यामुळे हातापायांच्या मुंग्या व बधिरपणा शेवटच्या मात्रेनंतरही काही महिने वाढत जाऊ शकतो. कानांत अखंड गुणगुण सुरू होते ती पुष्कळदा याच औषधामुळे.

मानेवरील किरणांचा तिसरा परिणाम तर अगदीच मुका असतो. अवटू ग्रंथी, जिला आपण थायरॉईड म्हणतो, हळूहळू मंदावते. हैदराबादेच्या मे महिन्यात मनुष्य शाल मागतो, वजन वाढते, दिवसभर झोप येते. आणि घरचे म्हणतात, आता आजाराचे कौतुक पुरे झाले! साध्या रक्ततपासणीत हा दोष कळतो व रोजच्या एका गोळीने भरून निघतो. ही तपासणी सहा महिन्यांनी ते वर्षाने करीत राहावी लागते, कारण हा दोष काही वर्षांनंतरही उद्भवतो. दीर्घकाळाने उमटणाऱ्या अशा परिणामांकडे लक्ष ठेवण्यासाठीच मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९१ साली, बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांकरिता वेगळे चिकित्सालय उघडले.

आपल्या शहरात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. रेड हिल्स भागात १९५५ पासून कर्करोगाचे सरकारी रुग्णालय आहे. पुढे गुजरातचे पहिले राज्यपाल झालेल्या मेहदी नवाझ जंग यांचे नाव त्याला आहे. अशा ठिकाणी आपण मराठीत विचार करतो, हिंदीत बोलतो आणि डॉक्टर कित्येकदा ते तेलुगूत समजून घेतात. ‘पायाला मुंग्या येतात’ याचे शब्दशः हिंदी केले तर ऐकणारा जमिनीवर मुंग्या शोधील! हिंदीत त्याला झुनझुनी म्हणतात, तेलुगूत तिम्मिर्लु. मुंग्या येणे, बधिर होणे आणि शक्ती जाणे या तीन भिन्न गोष्टी आहेत. ‘कमजोरी है’ या एका शब्दात तिन्ही कोंबल्या तर निदानाची वाट चुकते. शब्द सापडला नाही तर कृती सांगावी: शर्टाची गुंडी लागत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, वाकलो की वीज चमकते.

हे घरीच टिपून ठेवावे. लक्षण कोणत्या तारखेस प्रथम जाणवले, काय केल्याने येते, किती वेळ टिकते, वाढते आहे की उतरते आहे, एवढे चार ओळींत मावते. औषधांची नावे व किरणांची मात्रा लिहिलेला कागद त्यासोबत हवा. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यालाही तो दाखवावा, कारण किरण लागलेल्या जबड्याची जखम सहजी भरत नाही.

काही लक्षणांना मात्र वहीही नको आणि पुढची तारीखही नको. पाठीत नवे, रात्री वाढणारे दुखणे, त्यासोबत पायांतली शक्ती जाणे, लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा सुटणे, असे झाल्यास मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठले पाहिजे. येथे उशीर झाल्यास गेलेली शक्ती पुन्हा न येण्याचा धोका असतो.

आपले अंबरपेठेचे गृहस्थ अखेर पत्नीच्या आग्रहावरून गेले. चपला घालताना ते दचकतात, हे तिने केव्हाच पाहिले होते. डॉक्टरांनी हातापायांची शक्ती तपासली, रोग उलटला नाही ना याची खात्री करून घेतली, रक्त तपासावयास पाठविले आणि विजेचे कारण समजावून सांगितले. संक्रांतीपर्यंत ती क्षीण झाली. चैत्रात, दारी गुढी आणि शेजारी उगादीची पच्चडी असताना, ती आपल्याला शेवटची कधी जाणवली हे त्यांना आठवेना. तळपायांच्या मुंग्या अजून आहेत. त्यांची नोंद वहीत चालू आहे.