न बोलणाऱ्याचे गहू

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी आमच्या नाट्यमंडळाने गावातील सभागृहात तिकीट लावून एकांकिका केल्या. चार फ्लेक्सना २४०० रुपये, हजार हस्तपत्रिकांना १२०० आणि दिवसभर रिक्षावर ध्वनिक्षेपक फिरवला त्याचे १५००, असे ५१०० रुपये नुसत्या जाहिरातीवर गेले. तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात प्रेक्षक आले ३४, आणि त्यांतले निम्मे आमच्याच घरचे! माझे वडीलही आले होते. ते मार्केट यार्डात हमाली करतात. लेकीचे नाटक पाहायला त्यांनी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडली होती. घरी जाताना ते एवढेच म्हणाले, "पोरी, काम झ्याक झालं. पण बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आन् न बोलणाऱ्याचे गहू विकत न्हाईत."

ते शब्द मनाला लागले. आम्ही तर भरपूर ओरडलो होतो! मग चुकले कोठे? विचार करता ध्यानात आले, की पुकारा ऐकून ज्याला यावेसे वाटले त्याला त्याच क्षणी तिकीट घेण्याची सोय नव्हती. चार पावले गेल्यावर तो वेळही विसरला आणि जागाही. नेमकी ही उणीव तिकीट विकणारी संकेतस्थळे भरून काढतात. त्यांची रीत थोडक्यात सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

मराठी नाटकाचे तिकीट म्हणजे वर्तमानपत्रातील जाहिरात आणि नाट्यगृहाची खिडकी, ही अनेक वर्षांची वहिवाट. २००७ साली 'बुक माय शो' आले. पुण्यात 'टाउनस्क्रिप्ट' निघाले आणि लहान आयोजकालाही स्वतःचा कार्यक्रम स्वतःच नोंदवता येऊ लागला. पुढे २०१७ मध्ये 'बुक माय शो'ने ते विकत घेतले. २०२३ मध्ये अभिनेते प्रशांत दामले यांनी मराठी रसिकांसाठी 'तिकिटालय' हे ॲप सुरू केले. २०१६ पासून यूपीआय आल्यामुळे मोबाईलवरून पैसे देणेही सोपे झाले.

नोंदणी करणे अवघड नाही. कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ, नकाशावरील जागा, चार ओळींची माहिती, एक चित्र, तिकिटाचा दर आणि एकूण जागा एवढे भरले, की त्या कार्यक्रमाचे एक पान तयार होते. त्या पानाची लिंक कोणालाही पाठवता येते. प्रेक्षकाने पैसे भरताच त्याच्या मोबाईलवर क्यूआर कोड येतो. दारावरचा स्वयंसेवक तो आपल्या मोबाईलने तपासतो.

आता खर्चाचे पाहू. प्रवेश विनामूल्य असेल तर अनेक संकेतस्थळे काहीच घेत नाहीत. तिकीट असेल तर विक्रीवर आकार घेतात. समजा, तिकीट १०० रुपये आणि आकार ४ टक्के आहे. आकाराचे ४ रुपये, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे ७२ पैसे. आयोजकाच्या हाती उरतात ९५ रुपये २८ पैसे. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर मात्र हा कर नाही. थोडक्यात, तिकीट विकले तरच खर्च होतो. आमचे फ्लेक्सचे पैसे मात्र कोणी येवो न येवो, आधीच गेले होते.

तथापि काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विक्रीचे पैसे पुष्कळदा कार्यक्रम झाल्यावर बँक खात्यात जमा होतात, म्हणून सभागृहाच्या भाड्याची तजवीज अगोदर करावी. विनामूल्य कार्यक्रमाला नाव नोंदवणारे सगळेच येतात असे नाही. अल्प दर लावलेला बरा. आणि मुख्य म्हणजे, नुसते पान टाकून गर्दी होत नाही. ते पान म्हणजे आपले दुकान. गिऱ्हाईक आपणच बोलावून आणायचे असते.

यंदा आम्ही तेच केले. प्रत्येक वर्गाच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आणि गावातील वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर लिंक पाठवली. सोबत तालमीतील एकेक छायाचित्र दिले. फ्लेक्स एकच केला, ६०० रुपयांचा, आणि त्यावर क्यूआर कोड छापला. तिकीट ५० रुपये ठेवले. मोबाईलवरून ११८ तिकिटे गेली. शिवाय दारावर रोखीची खिडकी ठेवली होती, तिथे ४१ गेली. ही खिडकी मुद्दाम ठेवली, कारण ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी नाटक पाहू नये असा कोठे नियम नाही.

माझे वडील त्याच खिडकीवर उभे राहिले. "तुम्हांला कशाला तिकीट?" असे माझ्या मैत्रिणीने म्हटले, तर त्यांनी पन्नासाची नोट पुढे केली आणि म्हणाले, "यंदा बसायला जागा मिळंल का न्हाई, ते बघ आधी."